हाडांच्या पोस्टिंगला जाण्यापूर्वी : सांधे तपासायला शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

छातीवर स्टेथोस्कोप ठेवताना ज्याचा हात अडखळत नाही, असा विद्यार्थीही सुजलेल्या गुडघ्यासमोर उभा राहिला की गोंधळतो. सुरुवात कुठून करायची, हात कुठे ठेवायचा, किती दाबायचे, दुखले तर थांबायचे की पुढे जायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाताला माहीत नसते, जरी परीक्षेपुरत्या सगळ्या चाचण्यांची नावे पाठ असली तरी. मिरज-सांगली भागात शिकताना मी स्वतः याच अवस्थेतून गेले आहे. पुढे ग्रामीण भागात काम करताना रोजच्या रुग्णांत कंबर, गुडघा, खांदा आणि मान यांच्या तक्रारी किती असतात हे पाहिले, तेव्हा विद्यार्थिदशेत या विषयाला आपण किती कमी वेळ दिला याची जाणीव झाली.

असे होण्यामागे अभ्यासक्रमाची रचनाही आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत अस्थिरोगशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो. त्याचे प्रश्न शल्यचिकित्सेच्या पेपरात येतात, त्यामुळे अभ्यासाच्या वेळापत्रकात हा विषय शेवटी ढकलला जातो. २०२१ च्या इंटर्नशिप नियमांत अस्थिरोग आणि पुनर्वसन मिळून दोन आठवडे आहेत. ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच रेसिडेन्सीला (पदव्युत्तर प्रशिक्षणाला) लागलेल्या ८५ डॉक्टरांना हाडे-सांध्यांच्या प्राथमिक ज्ञानाचे २५ प्रश्न दिले होते, आणि त्यांपैकी ७० जण उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळवू शकले नव्हते. तेव्हा भीती वाटत असेल तर ती तुमच्या एकट्याच्या बुद्धीची उणीव समजू नका. सराव कमी पडलेला आहे आणि तो भरून काढता येतो. कसा, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

१. जवळ काय असावे

कागदपत्रांत पोस्टिंगचे (विभागातल्या नेमणुकीचे) पत्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि लॉगबुक पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा; इंटर्न असाल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या तात्पुरत्या नोंदणीची प्रतही. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या, कारण युनिट बदलले की सही देणारे रेसिडेंट शोधण्यात दिवस जातात.

साहित्य फार लागत नाही : शिंप्याकडे असते तशी मऊ टेप, प्लॅस्टिकचा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचे साधन), गुडघ्याची हातोडी, कापूस, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि त्वचेवर खूण करायची पेन्सिल. यांत पैसे खर्च करायचेच असतील तर आधी गोनिओमीटरवर करा. ‘गुडघा बराच वाकतो’ असे लिहिणाऱ्याचे लिखाण पुढच्या भेटीत कुणाच्याच कामाला येत नाही. ‘९५ अंश वाकतो’ असे लिहिले की महिन्याभराने सुधारणा झाली की नाही हे कुणीही सांगू शकते.

याशिवाय एक साधी वही ठेवा. तिचा उपयोग आठव्या पायरीत येईल.

२. आधी निरोगी सांधे तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळा आत्मविश्वास हिच्यावर उभा आहे. फुप्फुसाचा नेहमीचा आवाज शंभरदा ऐकल्याशिवाय बिघडलेला आवाज कानाला कळत नाही. सांध्याचेही तसेच आहे. पोस्टिंगच्या आधीच्या दोन आठवड्यांत वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींचे किमान वीस गुडघे, वीस खांदे आणि वीस खुबे त्यांची परवानगी घेऊन तपासा. दोन्ही बाजू तपासा आणि मोजून लिहा.

गुडघ्यापासून सुरुवात करा. समोरच्याला पलंगावर बसवून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खाली जी जाड शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी टेंडन) नडगीकडे जाते तिच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा. तिथे मऊ खळगा लागतो. त्या खळग्यातून अंगठा मागे सरकवत नेला की हाडांमधली जी फट बोटाखाली येते, तीच सांध्याची रेघ. ही रेघ डोळे मिटून सापडू लागेपर्यंत सराव करा. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटलेल्या रुग्णाला नेमके तिथे दुखते, आणि ती रेघ ज्याला सापडत नाही तो वाटीवर किंवा मांडीवर दाबून ‘दुखत नाही’ असे लिहून मोकळा होतो.

घरी गेलात की आजी-आजोबांचेही गुडघे आणि खांदे तपासा. पुस्तकांत गुडघा सुमारे १३५ अंश वाकतो असे दिलेले असते. जन्मभर उकिडवे बसून भाकरी थापलेल्या आजीची टाच अनेकदा मांडीला टेकते, आणि तिच्या दृष्टीने १२० अंश म्हणजे मोठे नुकसान असते. वयाप्रमाणे, सवयीप्रमाणे निरोगीपणाची व्याख्या कशी बदलते हे घरातच शिकायला मिळते.

३. पहिले तीन प्रश्न आपल्या बोलीत विचारा

ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये मांडली गेलेली एक चाळणी-तपासणी जगभर शिकवली जाते : चाल, हात, पाय आणि कणा, आणि त्याआधी तीन प्रश्न. स्नायू, सांधे किंवा पाठ दुखते वा आखडते का, स्वतःचे कपडे पूर्णपणे घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का, हे ते प्रश्न. अनुभवी हाताला ही सगळी चाळणी दोन-तीन मिनिटांत पूर्ण करता येते, म्हणून मेडिसिनच्या वॉर्डातल्या रुग्णांवरही तिचा सराव करा.

आपल्या भागात या प्रश्नांना थोडे वळण द्यावे लागते. एकमजली घरात राहणाऱ्या मावशींना जिन्याचा प्रश्न लागू पडत नाही. त्यांना ‘खाली बसून धुणं धुता येतं का, संडासला बसून आधाराशिवाय उठता येतं का, मांडी घालता येते का’ असे विचारा. कपड्यांऐवजी ‘मागे हात नेऊन वेणी घालता येते का, पोलक्याची बटणं लावता येतात का’ असे विचारले की खांद्याची फिरण्याची क्षमता एका वाक्यात कळते. मळणीच्या किंवा ऊसतोडीच्या काळात आलेल्या मामांना ‘कोणतं काम बंद पडलं’ एवढेच विचारले तरी ते अचूक सांगतात.

रुग्णाचे शब्दही नीट ओळखायला हवेत. ‘उसण भरली’ म्हणजे स्नायू अचानक धरला, ‘मुंग्या येतात’ म्हणजे बहुधा नसेचा भाग, ‘कळ मारते’ हे थांबून थांबून येणाऱ्या तीव्र वेदनेबद्दल, तर ‘आखडतंय’ म्हटले की सकाळी किती वेळ आखडते हा पुढचा प्रश्न असलाच पाहिजे. अर्ध्या तासाच्या आत मोकळे होणारे गुडघे झिजेकडे बोट दाखवतात. तासभर मूठ वळत नसेल आणि बोटांचे सांधे दोन्ही हातांत सुजलेले असतील, तर रुमॅटॉइड संधिवाताचा विचार करून रुग्णाला लवकर पुढे पाठवावे लागते. ‘वाताचा त्रास’ या एका शब्दाखाली हे दोन्ही येतात, म्हणून त्या शब्दावर कधीही थांबू नका.

४. पाहा, हात लावा, हलवा

हा क्रम मोडू नका. घाई झाली की विद्यार्थी थेट नावाजलेल्या चाचण्यांकडे धावतात, पण चार चाचण्यांपेक्षा नीट केलेले निरीक्षण जास्त सांगते. रुग्ण दारातून आत येतानाच त्याची चाल पाहा. तपासण्याचा भाग आणि त्याच्या वरखालचा एकेक सांधा उघडा करायला सांगा. स्त्री रुग्ण असेल तर पडदा ओढा, सोबत स्त्री सहकारी ठेवा आणि काय करणार आहात ते आधी सांगा. अवघडलेला रुग्ण स्नायू ताणून धरतो आणि तुमची तपासणी फसते, म्हणजे हा शिष्टाचार अचूकतेसाठीही लागतो.

चांगली बाजू आधी तपासा. हात लावताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असू द्या, सांध्यावर नको. दुखणे कपाळावर आधी दिसते. हालचाल आधी त्याला स्वतः करायला सांगा आणि मग तुम्ही करून पाहा. या दोहोंतल्या फरकातच निम्मे निदान असते.

एक उदाहरण देते. तासगाव भागात द्राक्षाच्या मांडवाखाली काम करणाऱ्या बायका विरळणीच्या दिवसांत तासन्‌तास हात डोक्याच्या वर धरून घड हाताळतात. अशाच एक काकू उजवा खांदा धरून आल्या होत्या. हात बाजूने वर नेताना सुमारे ६० अंशांपर्यंत ठीक, तिथून १२० पर्यंत चेहरा पिळवटायचा आणि त्यापुढे पुन्हा सैल व्हायचा. मी त्यांचा हात स्वतः धरून अलगद उचलला, तर तो पूर्ण वर गेला. म्हणजे सांधा मोकळा होता आणि दुखणे खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या शिरांचे होते. त्याच दिवशी मधुमेह असलेल्या दुसऱ्या एका रुग्णाचा खांदा तपासला. कोपर कुशीला लावून हात बाहेर फिरवायला सांगितला, तर तो त्यांना फिरवता येईना आणि मलाही फिरवता येईना. हा गोठलेला खांदा. तक्रार दोघांचीही ‘हात वर जात नाही’ हीच, पण उपचाराची दिशा वेगळी. फरक कळायला दोन मिनिटे आणि दोन हात पुरले.

विशेष चाचण्या त्यानंतर, आणि त्याही मोजक्याच शिका. गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटसाठी लॅकमन, खुब्यासाठी थॉमस आणि ट्रेंडेलनबर्ग, कंबरेसाठी पाय सरळ उचलण्याची चाचणी, एवढ्या हाताला बसल्या तरी पदवीपूर्व स्तरावर चालते. सरळ पाय उचलताना फक्त कंबर दुखली तर ती चाचणी सकारात्मक धरू नका. कळ गुडघ्याच्या खाली जायला हवी. परीक्षेत आणि ओपीडीत सर्वांत जास्त चुकीची नोंद होणारी हीच गोष्ट आहे.

शेवटी नसा आणि रक्तप्रवाह. लहान मूल असेल तर ‘दगड, कागद, कात्री’ खेळा : मूठ वळली की मीडियन, पंजा उघडला की रेडियल, बोटांची कात्री झाली की अल्नर नस काम करते आहे, आणि अंगठा-तर्जनीचा गोल जमला की मीडियनची खोल शाखाही. कोपराजवळ हाड मोडलेले रडवेले मूलही हा खेळ खेळते. हाड बसवण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळी ही नोंद करा.

५. दुखते तिथेच रोग असेल असे धरू नका

माझी एक चूक सांगते. इंटर्न असताना बारा-तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला एक मुलगा गुडघेदुखी घेऊन आला. शाळेच्या मैदानावर पडल्याचे वडिलांनी सांगितले. मी गुडघा तपासला, सूज नव्हती, एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता, गोळ्या देऊन पाठवले. दहा दिवसांनी तो लंगडत परत आला. मी पुन्हा गुडघ्याचाच एक्स-रे लिहीत होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठांनी त्याला पलंगावर झोपवले आणि खुबा वाकवला. मांडी पोटाकडे सरळ येण्याऐवजी वाकता वाकता आपोआप बाहेर वळत गेली. मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या थरावरून सरकले होते. त्याला तिथल्या तिथे झोपवून ठेवले, पायावर भार देऊ दिला नाही आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी पाठवले.

तेव्हापासून गुडघा दुखणारे प्रत्येक मूल मी खुब्यापासून तपासते. खुबा आणि गुडघा यांना समान नसांच्या शाखा जातात, म्हणून खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते. याच न्यायाने खांदेदुखीत मान तपासावी आणि पायाच्या दुखण्यात कंबर. वरचा सांधा आणि खालचा सांधा तपासल्याशिवाय केस पूर्ण झाली असे मानू नका.

६. ज्यात उद्यावर ढकलता येत नाही

कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात, त्यांना अंथरुणाला खिळवून ठेवायचे नसते. पण प्रत्येकाला हे प्रश्न विचारायलाच हवेत : लघवी अडकते किंवा नकळत होते का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली का. लाज वाटते म्हणून हे प्रश्न गाळू नका. उत्तर ‘हो’ आले तर तो रुग्ण आजच मोठ्या रुग्णालयात जायला हवा. संध्याकाळचा ताप, घटलेले वजन आणि मणक्यावर हलके ठोकल्यावर एकाच जागी दुखणे, असे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करा. आपल्या देशात तो अजूनही नियमित दिसतो.

ताप असलेले मूल एक पाय अजिबात हलवू देत नसेल तर सांध्यात पू झाला आहे असे गृहीत धरून चाला. अशा वेळी अँटिबायोटिक देऊन दोन दिवस वाट पाहण्यात सांध्यातली कूर्चा कायमची जाते. सांध्यातले पाणी काढून तपासायला पाठवण्याची व्यवस्था आधी करा.

तिसरा धोका घट्ट बांधलेल्या हाताचा. गावात हाडवैद्याकडून कामट्या आवळून बांधून आलेली मुले तुम्हाला भेटतील, आणि आपणच घातलेल्या प्लॅस्टरमध्येही हेच होऊ शकते. मोडलेल्या हाडाच्या मानाने वेदना खूप जास्त असतील आणि बोटे हलकेच सरळ केल्यावर मूल किंचाळत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढलेला आहे. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका, ती फार उशिरा जाते. बांधलेले सगळे त्वचेपर्यंत कापून मोकळे करा आणि लगेच फोन करा. हातात थोडेच तास असतात. आणि पालकांना रागावू नका. रागावलेले पालक पुढच्या वेळी अजून उशिरा येतात.

७. एक्स-रे मागण्यापूर्वी

घोटा मुरगळलेल्या प्रत्येक प्रौढाला एक्स-रे लागत नाही. कॅनडातल्या ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले नियम सोपे आहेत : घोट्याभोवती दुखत असताना दोन्हींपैकी कुठल्याही घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर दाबून दुखत असेल, अथवा रुग्णाला दुखापतीनंतर लगेच आणि आता तुमच्यासमोरही चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचा एक्स-रे काढा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचे बूड आणि आतल्या बाजूचे नॅव्हिक्युलर हाड दाबून पाहा. शहरात जाऊन एक्स-रे काढायला ज्याची एक दिवसाची मजुरी बुडते त्याच्यासाठी हे नियम मोलाचे आहेत.

एक्स-रे मागायचा तर दोन दिशांचा, आणि हाडाच्या दोन्ही टोकांचे सांधे दिसतील असा. बाजू अक्षरांत पूर्ण लिहा, ‘डा.’ आणि ‘उ.’ घाईत सारखेच दिसतात. हात टेकून पडलेल्या माणसाला अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी हात बांधून ठेवा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढा. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची चीर अनेकदा तेव्हाच दिसते. रुग्णाला फिल्म दाखवताना ‘मणक्यात गॅप आहे’ असे मात्र म्हणू नका. हे वाक्य घेऊन माणसे वर्षानुवर्षे पट्टा बांधून जगतात आणि कामाला घाबरतात.

८. कुणाला तरी बघायला सांगा

आता ती वही. प्रत्येक तपासणीसाठी चार रकाने आखा : कोणता सांधा, मला काय सापडले, वरिष्ठांना काय सापडले, मी तपासताना कुणी पाहिले का. चौथा रकाना महत्त्वाचा आहे. एकट्याने पन्नास खांदे तपासून आत्मविश्वास वाढतो, पण चुकीची पद्धत पन्नासदा गिरवली असेल तर तो आत्मविश्वास रुग्णाला महागात पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतली तफावत दर आठवड्याला कमी होताना दिसली की मनाला जी खात्री वाटते तीच भरवशाची.

ओपीडीच्या गर्दीत सर किंवा मॅडमना वेळ नसतो, हे खरे आहे. म्हणून सकाळी नऊला विचारू नका. दुपारी वॉर्डातले ड्रेसिंग संपल्यावर रेसिडेंटना ‘मॅडम, सात नंबरच्या आजींचा गुडघा मी तपासते, तुम्ही पाच मिनिटं फक्त पाहाल का?’ असे नेमके विचारा. नेमक्या आणि छोट्या विनंतीला नकार क्वचित येतो. फिजिओथेरपी विभागातही आठवड्यातून दोन दुपारी बसा. हालचालीचा पल्ला रोज मोजणारे, शस्त्रक्रियेनंतर तोच रुग्ण आठवडे न्‌ आठवडे पाहणारे लोक तिथे आहेत, आणि मला गोनिओमीटर नीट धरायला तिथेच शिकवले गेले.

९. प्लॅस्टर आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी

इंटर्नशिपच्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया पाहण्याचा मोह होतो. तो वेळ प्लॅस्टर रूमला द्या, कारण पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात तुम्हाला स्लॅब (एका बाजूचे अर्धे प्लॅस्टर) घालावा लागेल, प्लेट बसवावी लागणार नाही. स्लॅब घालून झाल्यावर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला त्यांच्या भाषेत सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या : हात उशीवर उंच ठेवायचा, बोटे हलवत राहायची, बोटे काळी-निळी पडली, बधिर झाली किंवा गोळीनेही कळ थांबली नाही तर मध्यरात्र असली तरी यायचे.

पाठवायचा रुग्ण असेल तर चिठ्ठीत एवढे असलेच पाहिजे : दुखापत कशी आणि किती वाजता झाली, कोणती बाजू, जखम उघडी आहे का, नसा आणि नाडी तपासली तेव्हा कशी होती आणि ती वेळ, दिलेली औषधे व धनुर्वाताचे इंजेक्शन. अवयव आधाराला बांधल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. निघण्यापूर्वी तिकडच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन करा, आणि रुग्णाने शेवटचे काय व किती वाजता खाल्ले-प्यायले ते चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा. भूल देणारे डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.